वहिनींचा थकवा

आम्ही नवी मुंबईतून, कोपरखैरण्याहून बोलतोय. आमचा बचत गट अकरा जणींचा. घरची माणसं बहुतेक वाशीच्या बाजार समितीत माथाडी, आणि आम्ही कुणी धान्य निवडायला जातो, कुणी घरकामाला, कुणी घरीच मसाला करून विकतो. माहेर-सासर सगळ्यांचं सातारा-सांगलीकडं. त्यामुळं आज तुमच्याशी बोलताना परकं वाटत नाही.

आज एक चूक सांगायची आहे. आमचीच.

गटाचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. बैठकीला आली नाही, निरोपही दिला नाही, की दंड. आमच्याकडं वीस रुपये. तर आमच्या गटातल्या एका वहिनींना आम्ही एका वर्षात नऊ वेळा दंड लावला. नऊ वेळा वीस, म्हणजे एकशेऐंशी रुपये. वहीत तसं लिहिलेलं आहे. नवव्या वेळी एकजण म्हणाली, "गावाला जत्रेला बरी नाचत जाते, इथं गल्लीच्या टोकापर्यंत यायला पाय मोडले का?" आम्ही हसलो. सगळ्याच हसलो, हे कबूल करायला पाहिजे.

वहिनी कामाच्या बाई. पहाटे साडेचारला उठून डबे, मग दोन घरची कामं, दुपारी मसाल्याची भाजणी. गटात कर्जाचा हप्ता कधी चुकला नाही. अशी बाई अचानक बैठकीला येईना, फोन उचलेना, दुपारी दार लावून झोपून राहायला लागली. आम्हाला वाटलं, घरात काही बिनसलंय, नाहीतर गटाशी रुसल्यात. आजारी असतील हे डोक्यात आलं नाही, कारण ताप नाही, खोकला नाही, तोंडावर काही दिसत नाही.

आता थोडं मागचं सांगतो. २०२० साली आमच्या बाजार समितीतून घराघरांत कोविड आला. मुंबईला भाजी, कांदा, धान्य पुरवणारा बाजार, तो बंद तरी किती दिवस ठेवणार? मे महिन्यात आठवडाभर बंद ठेवावाच लागला. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेताना अंतर कसलं आणि काय. आमच्यातले कितीतरी जण तेव्हा गावाकडं आले आणि तुमच्या गावच्या शाळेत चौदा दिवस राहिले. काही गावांनी वेशीवर काटे टाकले होते, ते आम्ही विसरलो नाही. आणि काही घरांनी शाळेच्या खिडकीतून भाकरी-पिठलं दिलं, तेही विसरलो नाही.

वहिनींना आणि त्यांच्या मालकांना तेव्हाच पहिल्यांदा झाला. मालक वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात पालिकेनं जे कोविड केंद्र केलं होतं तिथं राहून आले. वहिनी घरीच राहिल्या, पोरं कोण बघणार म्हणून. तपासणीही केली नाही. दुसऱ्यांदा एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत. तेव्हा ताप जोरात होता, आठ दिवस अंथरुणावर होत्या. तिसऱ्यांदा जानेवारी २०२२. तेव्हा तर नुसती सर्दी, घसा खवखवला, तीन दिवसांत कामाला लागल्या. घरात सगळ्यांनाच झालं होतं. मालक पुन्हा गोण्या उचलायला लागले, पोरं शाळेत गेली. बायको मात्र त्या साध्या सर्दीनंतर जी खचली ती खचलीच.

हे आधी नीट लक्षात घ्या. मोठ्या आजारपणानंतर अशक्तपणा येतो हे आपल्याला कळतं. पण हलक्या सर्दीनंतर माणूस महिनेच्या महिने आडवा होतो, हे आपल्याला पटत नाही. घरात एकाच वेळी चौघांना झालं, तिघं बरे झाले, मग चौथीचंच काय वेगळं? चिकुनगुनिया आठवा. २००६ च्या साथीत एकाच घरात ताप सगळ्यांना आला, चार दिवसांत उतरला, पण कुणाची बोटं सहा सहा महिने वळत नव्हती, जात्याचा खुंटा धरता येत नव्हता. तिला कुणी नाटकी म्हटलं नाही, कारण सुजलेले गुडघे दिसत होते. कोविडनंतरचं दुखणं दिसत नाही, एवढाच फरक.

वहिनींना काय होत होतं? त्यांच्याच शब्दांत सांगतो. "सकाळी उठलं की अंगातला जीव कुणीतरी काढून घेतल्यावानी वाटतं. झोपून उठलेय असं वाटतच नाही." उभं राहिलं की छातीत धडधड. जिन्यावर दम. आमची घरं कशी, खाली एक खोली, वर एक, त्यावर एक, उभा लोखंडी जिना. त्या दिवसातून एकदाच वर जायच्या आणि वरच बसून राहायच्या. डोकंही चालत नव्हतं. ज्या घरी कामाला जायच्या तिथं कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. गॅस बंद केला का, हे परत परत जाऊन बघायच्या. शेवटी त्या घरानं सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

आणि नाक. मसाल्याच्या भाजणीत बाईचं नाक हेच माप. धने तांबूस झाले, खोबरं खमंग झालं, हे वासावरून कळतं. वहिनींना दुसऱ्या वेळी वास गेला तो अर्धामुर्धा परत आला, आणि आला तो उलटा. कांदा परतला की त्यांना जळक्या रबराचा वास यायचा. एकदा अख्खी चार किलो मिरची करपली आणि त्यांना कळलंच नाही. गटाचा माल होता. त्याचेही पैसे आम्ही त्यांच्याच नावावर टाकले होते.

यात भीतीची गोष्ट वेगळीच आहे. ज्या बाईला वास येत नाही तिला गॅस गळतोय हे कळत नाही. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर सकाळी काडी ओढण्याआधी दुसऱ्या माणसानं वास घ्यायचा, आणि रात्री रेग्युलेटर बंद करायचा. हे आजपासून करा, बाकीचं नंतर.

वहिनी आधी एका खासगी दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं सलाईन लावलं, ताकदीचं इंजेक्शन दिलं, आठशे रुपये घेतले. परत गेल्या तर सांगितलं, मनाला लावून घेऊ नका, फिरायला जा, सगळं मनाचं आहे. त्या खरंच फिरायला जायला लागल्या. रोज अर्धा तास, दात-ओठ खाऊन. पंधरा दिवसांत एवढ्या पडल्या की न्हाणीपर्यंत भिंत धरून जावं लागे.

शेवटी त्यांच्या मुलीनं आम्हाला सांगितलं. दहावीतली पोर. वही घेऊन आली, तिनं आईचे तीन महिने लिहून ठेवले होते. कुठल्या दिवशी काय काम केलं, कुठल्या दिवशी पडून होती. आम्ही ती वही घेऊन वहिनींसोबत पालिकेच्या रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "बघा, ज्या दिवशी जास्त काम, त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही पडते." आम्ही पानं उलटली. खरंच. हळदीकुंकवाच्या दिवशी ठीक, दोन दिवसांनी आडव्या. गावच्या जत्रेत दोन दिवस पुरणपोळ्या लाटल्या, परत आल्यावर बारा दिवस अंथरुणात. आम्ही हसलो होतो ती हीच जत्रा.

या दुखण्याला लाँग कोविड म्हणतात, म्हणजे लांबलेला कोविड. हे नाव डॉक्टरांनी नाही, आजारी माणसांनी दिलं. मे २०२० मध्ये इटलीच्या एलिसा पेरेगो नावाच्या बाईंनी स्वतःच्या लांबलेल्या आजारासाठी ते पहिल्यांदा लिहिलं, आणि जगभरचे रुग्ण ते वापरायला लागले. डॉक्टर मंडळी नंतर आली. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. कोविड झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही त्रास आहे, तो दोन महिने तरी टिकलाय, आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं त्याचा उलगडा होत नाही, तर तो हा. त्या व्याख्येत लागण खात्रीची किंवा संभाव्य, दोन्ही धरलीत. म्हणजे वहिनींसारखी ज्यांची पहिली तपासणीच झाली नाही, ज्यांच्याकडं कागद नाही, त्याही यात येतात. कागद नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर हे सांगा.

ही संघटना सांगते की कोविड झालेल्या शंभरातल्या सहा जणांना असं होतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. शंभरात सहा म्हणजे थोडं वाटतं. पण तुमच्या गावात कितीजणांना कोविड होऊन गेला ते आठवा आणि हिशेब करा.

आता परत परत होण्याचं. पुष्कळ जणी म्हणतात, एकदा झाला, आता अंगात ताकद तयार झाली. ते अर्धं खरं. लस आणि आधीची लागण यामुळं जीव जायचा धोका पुष्कळ कमी होतो. पण ही ताकद महिन्या-महिन्यांनी उतरत जाते आणि विषाणूही रूप बदलतो. डेल्टा झाला तो वेगळा, ओमायक्रॉन वेगळा. २०२५ च्या मे-जूनमध्ये मुंबई-पुण्याकडं पुन्हा रुग्ण वाढले होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला, २०२२ साली तो छापून आला. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा झालेल्यांना एकदाच झालेल्यांपेक्षा नंतरचे त्रास जास्त, असं त्यात दिसलं. ते बहुतेक वयस्क पुरुष होते, त्यामुळं त्यातला आकडा आपल्याला जशाच्या तसा लावता येत नाही. पण डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं ते एवढंच, की पहिल्या दोन वेळा सुटलात म्हणून तिसऱ्या वेळी सुटालच असं नाही, प्रत्येक वेळी पत्ता नव्यानं पिसला जातो.

औषध काय, हे पहिलं विचारलं आम्ही. एक गोळी घ्या आणि बरं व्हा, असं औषध आज नाही. एका रक्ततपासणीत हा आजार दिसतही नाही. म्हणूनच आधी दुसरं काही नाही ना, हे बघावं लागतं, आणि ही पायरी सोडू नका. प्रत्येक थकवा कोविडचा नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, रक्तदाब, हे आधी. कोविडमध्ये ज्यांना स्टेरॉइड दिली होती त्यांनी साखर नक्की तपासावी. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. वहिनींचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. लोहाच्या गोळ्यांनी ते अकराच्या वर गेलं, आणि चार आणे फरक पडला. बारा आणे उरलेच.

त्या बारा आण्यांसाठी जे करायचं ते सांगायला सोपं आणि बाईमाणसाला करायला सगळ्यात अवघड. दमायच्या आधी थांबायचं. दमल्यावर नाही, आधी. डॉक्टरबाई म्हणाल्या, गटाच्या कर्जासारखं समजा. आज अंगात शंभर रुपये आहेत आणि दीडशेचं काम केलंत, तर वरचे पन्नास उसने. ते दोन दिवसांनी व्याजासकट वसूल होतात, आणि व्याज सावकारी असतं. सत्तरच खर्च करा, तीस शिल्लक ठेवा. बरं वाटतंय त्या दिवशी सगळी कामं उरकून घेऊ, ही आपली खोड. तीच घात करते.

मग आम्ही वहिनींच्या घरी बसून कामं लिहिली. मालकही होते. कपडे धुणं सगळ्यात वाईट निघालं, वाकायचं, पिळायचं, जिना चढून वाळत घालायचं. ते मालकांकडं आणि मुलाकडं गेलं. पहिल्या आठवड्यात मालक पहाटेच्या अंधारात दोरीवर कपडे घालायचे, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. आता उजेडातही घालतात. भाकरी उभ्यानं ओट्यावर न करता खाली बसून, तीही एका वेळची, दुसऱ्या वेळी भात. भाजी निवडणं बसून, अंघोळ स्टुलावर बसून. केस धुवायचे त्या दिवशी दुसरं जड काम नाही. एक काम झालं की लगेच दुसरं नाही, मध्ये वीस मिनिटं आडवं व्हायचं. टीव्ही लावून नाही, डोळे मिटून. डोक्याचं कामही कामच, हिशेब करून माणूस दमतं. पाळीच्या आधी त्यांना जास्त त्रास होतो हे वहीतून कळलं, म्हणून ते चार दिवस कामं आणखी कमी.

ज्यांना असं दोन दिवसांनी पडायला होत नाही, नुसता दम लागतो, त्यांनी हळूहळू चालणं वाढवलं तर फायदा होतो. पण ज्यांना पडायला होतं त्यांना दम धरून चाल, रेटून कर, असं सांगू नका. आधी वही ठेवा, मग ठरवा.

वासासाठी डॉक्टरांनी एक सराव दिला. चार वास, सकाळ-संध्याकाळ, एकेक वीस सेकंद हळू हुंगायचा आणि तो वास मनात आठवायचा. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. तीन महिने तरी. वहिनींना लवंग आधी आली. कांद्याचा वास अजून पूर्ण सरळ नाही, म्हणून भाजणी आता दुसरी करते आणि वहिनी बसून वजनं आणि पाकिटं बघतात.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. बसल्या जागी दम लागतोय, छातीत दुखतंय, ओठ निळे पडलेत, एकच पाय सुजून दुखतोय, तोंड वाकडं झालंय, चक्कर येऊन पडली, तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा. घरात ऑक्सिमीटर असेल तर चौऱ्याण्णवच्या खाली आकडा आला की दवाखाना. तालुक्याला जाणं ज्यांना झेपत नाही त्यांनी आशाताईंना ई-संजीवनीबद्दल विचारा. सरकारची फुकट सेवा आहे, मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलता येतं. आणि मन खचलं, नको वाटायला लागलं, तर टेलिमानसचा नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. वहिनींनी तो नंबर लावला होता हे त्यांनी आम्हाला फार नंतर सांगितलं. आम्ही वीस-वीस रुपये लावत होतो त्याच दिवसांत.

गावाकडच्या सासवांना आणि जावांना एक विनंती आहे. मुंबईची सून चार दिवस गावी आली की तिनं रांधावं, लावणीला उतरावं, पाहुणे करावेत, असं तुम्हाला वाटतं. आम्हालाही तसं करून दाखवायची हौस असते. ती दोन दिवस करते, आणि तिचं पडणं तुम्हाला दिसतच नाही, कारण तोवर ती एसटीत बसून परत गेलेली असते. गेल्या जत्रेला वहिनींच्या सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवून नुसतं पुरण वाटायला दिलं. भावकीतल्या बायका कुजबुजल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सुनंचं मी बघते."

मुलीची वही बघितल्यावर आम्ही बैठक घेतली. एकशेऐंशी रुपये परत करायचे का? वाटतं तेवढं सोपं नव्हतं. एक ताई म्हणाल्या, आज हिला माफ केलं तर उद्या प्रत्येकजण थकवा सांगेल, मग गट कसा चालायचा? त्यांचंही खोटं नाही. शेवटी ठरलं ते असं. दंड परत. करपलेल्या मिरचीचा तोटा अकरा जणींत वाटून. आजारी बाईनं बैठकीला फोनवरून हजेरी लावली तर चालेल, आणि हप्ता तीन महिने निम्मा, उरलेला पुढं. मात्र आजारपण गटाला सांगायचं, लपवायचं नाही. त्या ताईंनी ठरावावर सही केली, पण तोंड वाकडं करून. चार महिन्यांनी त्यांच्याच धाकट्या जावेला हेच झालं, तेव्हा वही घालायला त्यांनीच शिकवलं.

वहिनी पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. पूर्वीच्या दहा आण्यांवर आहेत असं त्या स्वतः म्हणतात. एका घरचं काम परत धरलंय, फक्त स्वयंपाक, तोही एका वेळचा. २०२५ च्या जूनमध्ये गल्लीत पुन्हा सर्दी-ताप सुरू झाला तेव्हा त्या बाजारात आणि दवाखान्यात मास्क लावून जायच्या. पोरं चिडवायची. आता आमच्यातल्या चौघी लावतो, गर्दी असली की. घरात कुणाला सर्दी झाली तर तो माणूस वरच्या खोलीत, खिडकी उघडी, ताट-वाटी वेगळी नाही तरी झोप वेगळी. कधी कधी विसरतोही, खरं सांगायचं तर.

आज इथं बोलायला वहिनीच यायच्या होत्या. काल घरी पाहुणे होते, म्हणून आज त्यांनी विश्रांती घेतली आणि आम्हाला पाठवलं. मुलीची ती वही सोबत दिली आहे. वही कशी आखायची हे ज्यांना हवं असेल त्यांनी केंद्रावर ताईंकडं विचारा. तीन रकाने आहेत: काम काय केलं, त्या दिवशी कसं वाटलं, आणि दोन दिवसांनी कसं वाटलं. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका.

येतो आम्ही. नमस्कार.